सव्वा मिनिटाची खोट

माणसाचं नाव विश्राम असावं आणि विश्रांतीच त्याच्या जिवावर उठावी, असा प्रकार पिंपळतळीच्या विश्राम शिगवणांचा झाला होता. एकोणतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली, त्यातली एकवीस सावरघाटात, आणि एवढ्या वर्षांत गाडीला एक ओरखडा उठला नाही. मग आपोआप चालणाऱ्या बसेस आल्या. शेवटची दोन वर्षं विश्राम चालकाच्या जागेवर हात मांडीवर ठेवून नुसते बसायचे आणि समोरचं स्टिअरिंग आपलं आपण फिरायचं. सेवानिवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन ते घरी आले, आणि त्यानंतर तीन वर्षं त्यांनी कुठल्याही स्टिअरिंगला हात लावला नाही. शेजारच्या बाळूचा टेम्पो वाटेतून बाजूला घ्यायचा झाला, तरी बाळूलाच हाक मारायचे.

"पाण्यावर रेघ मारली गो एकोणतीस वर्षं," ते बायकोला म्हणायचे. "मागं काय ऱ्हायलं? काय नाय."

सुगंधाकाकूंना हे ऐकून ऐकून कंटाळा आला होता. त्यांची लेक रेवती घाटापलीकडे कराडला होती आणि नात आठ महिन्यांची झाली होती. बस दिवसातून दोनदाच जायची, तीही मोठ्या गावांना थांबे घेत. काकूंनी एका सकाळी चहाचा कप नवऱ्यापुढे ठेवला आणि सरळच सांगितलं, "एक तर गाडी घ्या आनि मला दर शनवारी कराडला न्या. नायतर मी जाते लेकीकडं वरीसभर. तुमी बसा हितं पान्यावर रेघा मारत."

"कुळथाचं पिठलं कोन करील मंग?"

"आपोआप चालनारी चूल आली का बघा."

विश्रामनी चहा संपवला आणि शर्ट चढवला. बायको वर्षभर जाईल हे त्यांना खरंच वाटलं. गाडी घ्यायला त्यांची ना नव्हती. पण ती चालवायची कोणी, ह्या प्रश्नाला ते अजून हात लावायला तयार नव्हते.

चिपळूणला नझीर मुकादमांचं जुन्या गाड्यांचं दुकान होतं. मुकादम बोलघेवडे, पण धंद्यात खोटं न बोलणारे, अशी त्यांची ख्याती. त्यांनी आधी एक चकचकीत पांढरी गाडी दाखवली. ती पूर्ण विजेवर चालायची आणि स्वतःच चालायची.

"मागच्या सीटवर दोघं बसा, पत्ता सांगा, झोपा. कराडला उठवते," मुकादम म्हणाले.

"आनि ह्यांनी काय करायचं?" काकूंनी नवऱ्याकडे बोट केलं.

"काकांनीपण झोपायचं."

"घरात तेच करतात," काकू म्हणाल्या. "दुसरी दाखवा."

कोपऱ्यात पत्र्याच्या सावलीला एक फिकट निळी गाडी उभी होती. चार वर्षांची, पण आतून एखाद्या सुगरणीच्या ओट्यासारखी स्वच्छ. ती प्लग-इन हायब्रिड होती. म्हणजे घरच्या प्लगला लावली की साठेक किलोमीटर विजेवर चालायची, आणि पुढं लांब जायचं तर पेट्रोलचं इंजिन होतंच. गावातल्या गावात वीज, घाटापार पेट्रोल. काकूंना हिशेब लगेच पटला. त्यांनी डिकी उघडून पाहिली, तांदळाची एक गोण आणि फणस बसेल याची खात्री करून घेतली.

"हिची किंमत एवढी कमी कशी?" विश्रामनी विचारलं.

मुकादमांनी सुस्कारा सोडला. "खोट आहे, काका. कानोशात निघाली. शंभरात त्रेचाळीस गुण. तीन गिऱ्हाइकं येऊन परत गेली."

कानोसा हे यंत्र त्या दिवसांत जुन्या गाड्यांच्या प्रत्येक दुकानात आलं होतं. डब्याएवढं चपटं यंत्र गाडीच्या पोटाला, बॅटरीच्या खाली चिकटवायचं. ते माणसाच्या कानाला ऐकू न येणारा बारीक आवाज बॅटरीत सोडतं आणि आतून येणारे प्रतिध्वनी टिपतं. पोटातलं बाळ बघायची सोनोग्राफी असते, त्यातलंच तत्त्व. बॅटरी भरताना आणि रिकामी होताना तिच्या आतल्या पत्र्यांवर दर वेळी एक अतिसूक्ष्म पापुद्रा चढतो. वीज जोरात आली तर पापुद्रा वेगळा, हळू आली तर वेगळा, थंडीत वेगळा, उन्हाळ्यात वेगळा. चार वर्षांचे असे पापुद्रे एकावर एक साचलेले असतात. कानोसा ते वाचून गाडीचा सगळा भूतकाळ सांगतो. एखाद्या दिवशी एकदाच केलेला प्रवास त्याला सापडत नाही. गवतातून एकदा गेलेल्या माणसाची खूण राहत नाही, पण रोज जाणाऱ्याची पायवाट पडते. कानोसा ह्या पायवाटा शोधतो.

"ही रोज एकच घाट उतरलेली गाडी आहे," मुकादम सांगू लागले. "उताराला ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की हिची मोटर उलटी चालते, चाकांच्या जोरावर वीज तयार करून बॅटरीत भरते. प्रत्येक वळणाला थोडी थोडी. आता हे बघा. साठ टक्क्यांपासून बॅटरी भरायला लागते, अडुसष्टला आली की वीज एकदम तुटते. सव्वा मिनिट काही नाही. मग परत सुरू. रोज! चार वर्षं! यंत्र म्हणतं, एखादा सेल कुजलाय, अडुसष्टला आला की मान टाकतो. शक्यता सत्त्याऐंशी टक्के."

"गाडी तिथं थांबत आसंल," काकू म्हणाल्या.

"तेही विचारात घेतो तो. पण घाटाच्या मध्यावर नुसतं रान. दुकान नाही, वस्ती नाही, मोबाइलला रेंजसुद्धा नाही. रोज बरोब्बर सव्वा मिनिट कोण कशाला थांबेल? गिऱ्हाइकाला ऐकवायचा आवाज पण आहे. ऐका." त्यांनी कळ दाबली.

कानोशाने चार वर्षांची पायवाट आवाजात बदलून सोडली. घूं करून एक हुंकार चढला, उतरला. मग एक लांब, मग दोन आखूड, लागोपाठ. काकूंना तो मधमाश्यांचा आवाज वाटला. पण विश्रामनी मान वर केली. तिसऱ्या हुंकाराला त्यांनी डोळे मिटले. पाचव्याला त्यांचे दोन्ही हात मांडीवरून उठले आणि हवेत, छातीच्या उंचीवर, न दिसणारं स्टिअरिंग धरून डावीकडे वळले.

"हे सावरेचं वळण," ते पुटपुटले. "हितं उतार फसवा हाय. पाय आधी काढायला लागतो... काढला! बघ, काढला. आता कातळकडा. आता दोन नागमोडी. आता..."

हुंकार थांबला. दुकानात नुसता पंखा ऐकू येत होता. विश्रामनी हवेतलं स्टिअरिंग सोडलं आणि हात जोडले.

सव्वा मिनिटाने परत घूं सुरू झालं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा लग्नातल्या वरबापासारखा फुलला होता. "वाघजाय!" ते म्हणाले. "मुकादम, सेलबिल काय कुजलेला नाय. ही गाडी वाघजाईच्या वळनावर थांबतेय. हा गडी एसटीचा हाय!"

वाघजाईचं वळण म्हणजे सावरघाटाचं अर्धं. तिथे रस्त्याकडेला शेंदूर लावलेली एक शिळा आणि वर चार पत्रे. विश्राम आपली गाडी तिथे रोज थांबवायचे. वाहक उतरून उदबत्ती लावायचा, विश्राम खिडकीतून नाणं टाकून तोंडातल्या तोंडात गाऱ्हाणं घालायचे, तोवर ब्रेकही जरा निवायचे. आपोआप चालणाऱ्या बसच्या वेळापत्रकात हा थांबा कोणी लिहिलाच नव्हता.

"आनि पाय काढायची पद्धत बघ," विश्राम बायकोला सांगत होते, "वळन दिसायच्या आधी काढतो. ब्रेकवर जात नाय. आनि साठ टक्क्यांवर निघतो, म्हंजे घाटात भरनाऱ्या विजेला पोटात जागा ठेवून निघतो. शाना हाय. हा आमच्या डेपोचा बाबू गुरवच असनार. नायतर इलियास. तिसरा कोन नाय."

मुकादम हसले. "मालक वर हेळवाडीला राहतात. गाडी उद्या परत न्यायला येणारेत, गिऱ्हाईक नाही म्हणून. तिथेच जाऊन बघा. पण काका, एक लक्षात घ्या. खोट नाही हे सिद्ध झालं तर गुण जातील नव्वदीवर आणि किंमत जाईल दुप्पट. गप्प बसलात तर ह्याच भावात गाडी तुमची."

बाहेर येऊन दोघं एसटी स्टँडकडे चालू लागले. दुप्पट किंमत त्यांच्या आवाक्यात नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"सांगनार तुमी," शेवटी काकू म्हणाल्या.

"बाबू गुरवाला फसवू?"

"मी कुठं म्हन्ते फसवा! मी म्हन्ते, सांगनार तुमी. मला म्हाईत हाय कुनाशी लगीन झालंय ते." आणि त्यांनी पिशवी काखेत मारली.

दोन दिवसांनी दोघं सकाळच्या बसने हेळवाडीला निघाले. निघताना विश्रामनी पत्र्याच्या डबीतून एक जुनं नाणं काढून खिशात टाकलं. आताशा नाणी कोणी वापरत नव्हतं, पण त्यांनी डबीभर जपली होती. चालकाच्या जागेवर कोणीच नव्हतं. बस वाघजाईच्या वळणावरून जराही न अडखळता वर गेली, आणि खिडक्यांच्या काचा बंद असल्याने नाणं खिशातच राहिलं. विश्राम मान वळवून मागे बघत राहिले.

हेळवाडीच्या घराबाहेर निळी गाडी उभी होती आणि तिच्या बाजूला एक बाई कोपरापर्यंत हात धूत होती. तिशीच्या आतबाहेरची, पायात गमबूट. बांधलेल्या गायीच्या पोटावर थाप मारून ती वळली.

"बाबू गुरव हायत?" विश्रामनी विचारलं.

"कोण बाबू गुरव? मी डॉक्टर केतकी हुमणे. गुरांची डॉक्टर. गाडी बघायला आलात ना?" असं म्हणता म्हणता ती थांबली. टॉवेल तिच्या हातातच राहिला. "अय्या! वस्तीच्या गाडीचे ड्रायव्हर काका!"

विश्रामना काही उमजेना. रात्री हेळवाडीला मुक्काम करून सकाळी पावणेसातला खाली जाणारी गाडी त्यांनी बारा वर्षं चालवली होती. तिच्यात शाळेची पोरं असायची, चाळीस-पन्नास. चेहरे कोण लक्षात ठेवणार?

"तुमच्या मागची सीट माझी होती," केतकी म्हणाली. "पाचवी ते दहावी. कोणी बसलं तर भांडायचे मी. मला उलटी व्हायची घाटात, म्हणून आई म्हणायची, ड्रायव्हरच्या मागे बस, पुढं रस्त्याकडे बघत राहा. मी रस्ता बघायचे नाही, तुमचे पाय बघायचे. कुठल्या झाडाला पाय निघतो, कुठं परत पडतो. पाठ झालं होतं. कविता पाठ होत नव्हत्या, हे झालं. पुढं गाडी घेतली तेव्हा मला घाट कोणी शिकवायलाच लागला नाही."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. विश्राम ओसरीच्या कठड्यावर बसले होते, आपल्या चपलांकडे बघत.

"आनि वाघजाईला थांबतेस ती?" त्यांनी विचारलं.

"त्या वळणावर? थांबायचा नियमच आहे ना तिथे?" केतकी म्हणाली. "म्हणजे मला तसंच वाटायचं. उताराला अर्ध्यावर गाडीला दम खायला द्यायचा. तुम्ही रोज थांबायचात. आम्ही सगळी पोरं मोठ्यानं आकडे मोजायचो. बरोबर पंचाहत्तरला गाडी सुटायची. कधी त्र्याहत्तर, कधी सत्त्याहत्तर, पण बहुतेक पंचाहत्तर. मी अजून मोजते. पंचाहत्तर झाले की निघते." ती हसली. "मूर्खपणा आहे, माहीत आहे. पण न मोजता गेले एकदा, तर दिवसभर चुकल्यासारखं वाटलं."

पंचाहत्तर सेकंद म्हणजे सव्वा मिनिट. आणि हीच पोर चार वर्षं रोज रानात थांबून मोजत होती, म्हणून तिच्या गाडीला खोट निघाली होती.

आता बोलायलाच हवं होतं. विश्रामनी बायकोकडे बघायचं टाळलं आणि एका दमात सांगून टाकलं: गाडीत खोट नाही, बॅटरी ठणठणीत आहे, यंत्र फसलंय, तुझी गाडी दुप्पट किमतीची आहे. कानोसा खाली लावून एकदा न थांबता घाट उतरायचा. वीज तुटली नाही की यंत्र आपली चूक दुरुस्त करील.

केतकीने टॉवेल कठड्यावर टाकला. तिला गाडी विकायचीच होती. वासरं न्यायला मोठी जीप हवी होती, म्हणून तर ती निम्म्या किमतीलाही तयार झाली होती. "काका, हे तुम्ही मला सांगताय? घ्यायला तुम्ही आलात ना?"

"त्यांची ती जुनी खोड हाय," काकू म्हणाल्या. आवाज जरा ओला होता, पण त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावरचा नसलेला केर झटकला. "मुकादमानं कानोसा दिलाय पिशवीत. लावा आनि काय ते मिटवा."

"मग चालवा तुम्हीच," केतकीने किल्ली पुढे केली.

"मी नाय," विश्राम म्हणाले. "मी सोडलंय."

"मी उतरवली तर मी थांबेन. माझा भरवसा नाही. तुम्हीच न्या न थांबता. आणि मला मागे बसायचंय. तुमच्या मागच्या सीटवर. पंधरा वर्षं झाली."

विश्राम किल्लीकडे बघत राहिले. त्यांना ती घ्यायची होती, आणि भीती वाटत होती की पाय विसरले असतील. सुगंधाकाकू एव्हाना पुढच्या दारापाशी जाऊन उभ्या होत्या. अख्ख्या संसारात त्या नवऱ्याच्या गाडीत अनेकदा बसल्या होत्या, पण कायम मागे, बायकांच्या सीटवर. शेजारी बसायची ही पहिलीच खेप. त्यांनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "चला आता. नवरी किती वेळ उभी ऱ्हानार?"

केतकीने कानोसा गाडीच्या पोटाला चिकटवला, आणि विश्रामनी किल्ली घेतली.

पहिली चार वळणं गाडी जरा अवघडत गेली. पाचव्याला सावरेचं झाड दिसलं, आणि विश्रामचा पाय त्यांना न विचारता निघाला. घूं. मोटर उलटी फिरली आणि गाडी मागून कोणी अलगद धरल्यासारखी सावकाश झाली. कातळकड्याला त्यांनी डावा खांदा किंचित झुकवला. मागच्या सीटवरून केतकी त्यांचे पाय बघत होती. काकू आधी दाराची कडी धरून बसल्या होत्या, ती त्यांनी सोडून दिली. नवऱ्याचा हा चेहरा त्यांनी पाच वर्षांत पाहिला नव्हता.

"बासष्ट," केतकी समोरचा आकडा वाचत होती. "चौसष्ट. सहासष्ट."

पुढचं वळण वाघजाईचं. विश्रामचे हात घट्ट झाले. थांबलं तर खोट कायम राहील, गुण त्रेचाळीसच राहतील आणि गाडी आपल्याला परवडेल. न थांबता गेलं तर पोरीला तिचं हक्काचं मिळेल आणि आपल्याला गाडी मिळणार नाही. इतका स्वच्छ हिशेब देवीसमोर कधी आला नव्हता. थांबावंसं तर फार वाटत होतं, पण आज थांबणं म्हणजे देवीच्या नावावर स्वतःची सोय बघणं झालं असतं. ते मनात म्हणाले, बाय, आजच्या दिवस माफी कर. आणि पाय तसाच ठेवून त्यांनी वळण घ्यायला सुरुवात केली.

"अडुसष्ट," केतकी म्हणाली. शेंदरी शिळा काचेपलीकडे आली. "काका, थांबा!"

"अगो पोरी, गुन..."

"थांबा म्हणते ना! गाडी माझी आहे अजून!"

गाडी थांबली. रानात एकदम शांत झालं. केतकीने मागून पुढे वाकून विचारलं, "पंधरा वर्षं विचारायचं राहिलंय. तुमचे ओठ हलायचे आरशात. तुम्ही पण मोजायचात का?"

विश्रामनी खिडकीची काच खाली केली आणि खिशातलं नाणं काढून शिळेकडे टाकलं. मग हात जोडले. आजपर्यंत जे तोंडातल्या तोंडात म्हटलं, ते त्यांनी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं:

"बाय माझे वाघजाय, तुझ्या घाटाला आलोय. माझ्या हातात कायेक नाय, सगळं तुझ्या हातात हाय. ही पोरं कुनाकुनाची हायत, सकाळची भाकरी खाऊन आईनं धाडल्यात. कोन हुशार आसंल, कोन ढ आसंल, तुला सारखी, मला सारखी. जशी चढली तशी उतरव. माझी काय चूक-भूल झाली तर माझ्या पदरात घाल, त्यांच्या पदरात घालू नको. संध्याकाळी त्यांच्या आईच्या दारात त्यांना उभी कर. आनि उद्या परत मला आन."

मागे केतकीने मोजणं केव्हाच सोडलं होतं. तिची नजर गमबुटांकडे होती आणि डोळे पुसायला टॉवेल नव्हता. काकूंनी पदराचं टोक मागे केलं.

"आम्ही आकडे मोजायचो," ती म्हणाली. "आणि तुम्ही आम्हाला मोजायचात."

विश्रामनी आरसा सारखा केला. "पंच्याहत्तर झाले आसतील," ते म्हणाले आणि त्यांनी ब्रेकवरचा पाय उचलला.

उरलेला घाट तिघंही हसत-बोलत उतरले. केतकीने आपल्या वेळच्या पोरांची नावं सांगितली. कोण पोलिसात आहे, कोण आंब्याचा व्यापार करतो, कोण घाटात उलटी करून आता विमानात हवाई सुंदरी झाली आहे. विश्राम एकेकाचं नाव ऐकून म्हणायचे, "तो होय! तो दारात लोंबकळायचा." एकही चेहरा आठवत नाही असं समजणाऱ्या माणसाला चांगले अकरा-बारा आठवले.

पिंपळतळीच्या फाट्यावर गाडी थांबली आणि केतकीच्या फोनवर कानोशाचा अहवाल आला. पोटाला चिकटलेला असताना झालेला ताजा प्रवास तो थेट ऐकायचा आणि जुन्या पायवाटेशी ताडून बघायचा. नवं गिऱ्हाईक चालवून बघतं तेव्हा पायवाट थोडी हलते, आणि किती हलली ते तो शेवटच्या ओळीत सांगतो.

"गुण त्रेचाळीस," केतकीने वाचलं. "खोट, कायम."

"ती लगीन झाल्यापास्नं कायम हाय," काकू म्हणाल्या.

"आणि चालक..." केतकी थांबली. तिने फोन जवळ धरला, परत वाचलं, आणि स्क्रीन विश्रामच्या पुढे केली. चष्मा घरी राहिला होता, म्हणून त्यांनी हात लांब करून अक्षरं लावली.

*चालक : तोच.*

"काय म्हन्तंय?" काकूंनी विचारलं.

"म्हणतंय, चार वर्षं चालवणारा आणि आज चालवणारा एकच आहे. माणूस बदललेलाच नाही," केतकी म्हणाली.

विश्रामनी ती दोन अक्षरं परत वाचायला लावली. मग परत एकदा. पाण्यावरची रेघ म्हणून जिचा नाद सोडला होता, ती कोणा पोरीच्या पायात उतरली होती, आणि तिथून रोज थोडी थोडी करत एका बॅटरीत साठत गेली होती. त्यांना मोठ्याने हसू आलं, आणि हसता हसता नाक ओढावं लागलं.

"आहे त्याच भावात घ्या," केतकी म्हणाली. "थांबवली मी, खोट माझी. आणि यंत्रच म्हणतंय चालक बदलला नाही, मग मी कुठे विकली? पण माझी जीप आली की हात बसेपर्यंत तुम्ही शेजारी बसायचं. मोठी गाडी सावरेला कशी काढायची, ते मी पाहिलंय पण केलेलं नाही."

"आनि कुळथाची पिठी न्यायची महिन्याला," काकूंनी बजावलं. "नाय म्हनायचं नाय."

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. कराडहून रेवती होती. काकूंनी कानाला लावला. "हो, गाडी घेतली... निळी... शनवारी येतो. बाळाला म्हनावं, आजी येते." मग पलीकडून काहीतरी काळजीचं विचारलं गेलं असावं, कारण काकू नवऱ्याकडे बघून गालात हसल्या. विश्राम फडकं घेऊन समोरची काच पुसत होते, जी मुळात स्वच्छच होती.

"चालवनार कोन म्हंजे?" काकू फोनमध्ये म्हणाल्या. "तोच."